मेमरी कार्डातली बाई

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी फोटो टाकला, की पठाण बाई आधी तो दोन बोटांनी ताणून मोठा करतात. फोटोत कोण आहे, कोण किती गोड हसतंय, मागच्या फळ्यावर कोणता सुविचार लिहिलाय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. लेकराच्या हातातल्या टॅबची स्क्रीन चालू आहे की बंद, एवढंच त्या बघतात. बंद असली की ग्रुपवर दोन शब्द येऊन पडतात : "काळी हाय."

बस, एवढंच. पुढे ना सर, ना मॅडम, ना हात जोडलेलं चित्र. सगळेजण अंगठे आणि गुलाबाची फुलं पाठवत असतात, 'स्तुत्य उपक्रम' म्हणून एकमेकांची पाठ थोपटत असतात, आणि मध्येच ते "काळी हाय". मग अर्धा दिवस ग्रुपवर कोणी शुभ सकाळसुद्धा म्हणत नाही.

हा राग कळायचा असेल तर आमचा रिवाज माहीत पाहिजे. ज्या लेकराला दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा हात नीट चालत नाही, त्यानं इतरांच्या शेजारी बसून शिकावं म्हणून शाळांना टॅब मिळाले. टॅब फुटला तर जबाबदार कोण, या एका भीतीपोटी ते कपाटात गेले. पण वापरल्याचा पुरावा तर वर पाठवायला हवा. म्हणून मधूनमधून कपाट उघडायचं, लेकराला पुढं बसवायचं, टॅब त्याच्या हातात द्यायचा, फोटो काढायचा, आणि टॅब काढून घेऊन पुन्हा कुलूप लावायचं. तो चालू करायचं कोणाच्या ध्यानातच येत नाही. लेकरू हसतं, कारण त्याला हस म्हणून सांगितलेलं असतं.

"काळी हाय" सुरू झाल्यावर लोक शहाणे झाले आणि टॅब चालू करून फोटो काढू लागले. आमचे मुख्याध्यापक टेकाळे सर त्यात पहिले. त्यांच्या फोटोवर बाईंचा निरोप आला, "चालू हाय. लेकरू टेकाळे सरांच्या नातवाचा वाढदिवस शिकून राहिलं." सरांनी नातवाचा टोपी घातलेला फोटो टॅबवर ठेवला होता, तो काढायचा राहून गेला होता. सर दोन दिवस ग्रुपमधून बाहेर पडले होते. केंद्रप्रमुखांनी समजूत काढून परत आणलं.

पठाण बाई विशेष शिक्षिका. म्हणजे त्यांना स्वतःचा वर्ग नाही, स्वतःची शाळा नाही. तालुक्यातल्या शाळाशाळांमधून स्कूटीवर फिरायचं आणि हे टॅब, हे फोन, हे टीव्ही सगळ्या लेकरांसाठी कसे वापरायचे ते आमच्यासारख्या शिक्षकांना शिकवायचं, हे त्यांचं काम. नोकरी कंत्राटी. मूळच्या वसमतच्या, आता सेनगावात एका भाड्याच्या खोलीत एकट्या राहतात. अंगानं एवढ्याशा, पण आवाज असा की शाळेच्या फाटकात बोलल्या तर खिचडीवाल्या मावशी आत पातेल्याजवळ दचकतात. मी गोरेगावच्या पुढच्या एका गावात तिसरीचा वर्गशिक्षक आहे, आणि आजवर मला कोणाचा एवढा राग आला नसेल जेवढा या बाईंचा आला.

राग यायला कारणंही तशीच. एकदा शिक्षण परिषदेत एका सरांनी टीव्हीवर सूर्यमालेचा पाठ दाखवला. ग्रह गरगर फिरत होते, संगीत वाजत होतं, अक्षरं चारी दिशांनी उडत येत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या वर्गात त्या पाटलाचं पोरगं हाय न, ज्याला ऐकू येत न्हाई. हे संगीत वाजलं. मंग लेकराला काय आलं?"

सर म्हणाले, "त्याला चित्रं दिसतात की, मॅडम."

"चित्राखाली लिहिलंय का की हा शनी हाय म्हनून? तुमी तर तोंड टीव्हीकडं करून बोलून राहिले. त्यानं तुमचे ओठ कसे बघायचे? पाठीवर ओठ हायत का तुमच्या?"

तेवढं बोलून बाई खाली बसल्या. ज्या माणसानं आठवडाभर खपून पाठ तयार केला, त्याला एखादा बरा शब्द बोलायला काय जात होतं? मला संताप आला. त्याहून संताप याचा आला, की दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे वळून बोलताना मला माझी स्वतःची पाठ आठवली.

"मंग लेकराला काय आलं?" हा त्यांचा मंत्र. साहेबांनी भाषण केलं तरी हेच. चहा उशिरा आला तर चहावाल्यालासुद्धा एकदा त्या असंच म्हणाल्याचं मी ऐकलंय, पण ते बहुतेक सवयीनं तोंडातून गेलं असावं.

त्यांचं प्रशिक्षण म्हणजे शिक्षा. इतर प्रशिक्षणांमध्ये आम्ही मागच्या रांगेत बसून निवांत डुलक्या काढतो. पठाण बाई दारातच प्रत्येकाच्या हातात एकेक रुमाल देतात आणि डोळ्यांना बांधायला लावतात. मग फोन बोलका करायचा, म्हणजे बोट जिथं टेकेल तिथलं फोन वाचून दाखवतो, आणि तसा न बघता एक पाठ उघडायचा. वीस-वीस वर्षं नोकरी झालेली माणसं डोळे बांधून फोनवर बोटं घासत बसतात, आणि सगळ्या खोलीभर फोन बडबडत असतात. असंच एकदा टेकाळे सरांनी पाठ उघडायला म्हणून दोनदा टिचकी मारली, तर फोन लागला तो थेट गटशिक्षणाधिकारी साहेबांना. साहेब 'हॅलो, हॅलो' करतायत, आणि सरांना वाटतंय फोनच वाचून दाखवतोय. सर म्हणाले, "अरे गप बस की बाबा, किती बोलतो!" पुढं काय झालं ते सर कोणाला सांगत नाहीत. बाईंना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "आता कळली का तकलीफ? लेकराला हे रोज हाय."

आमच्या शाळेत हे "रोज" एका मुलीला होतं. तिचं नाव ईश्वरी. जन्मापासून दिसत नाही. नाव माझ्या तिसरीच्या पटावर, पण पोरगी घरी. पहिलीत असताना ती एक दिवस शाळेत आली होती. मधल्या सुट्टीत पोरांच्या लोंढ्यात सापडली, पडली, ओठ फुटला, आणि इतका कालवा झाला की ती कानावर हात ठेवून हापशाजवळ बसून राहिली. टेकाळे सरांनी तिच्या आईला सांगितलं, "घरीच ठेवा बाई. आम्ही येत जाऊ तिकडं." येत जाऊ म्हणजे टॅब घेऊन जायचं आणि फोटो काढून यायचं. तिची आई मीना सोयाबीन काढायला, कापूस वेचायला जायची, आणि पोरगी दिवसभर बाहेरून कडी लावलेल्या घरात असायची.

पठाण बाईंनी ठरवून टाकलं होतं की ही पोरगी याच वर्षी माझ्या वर्गात बसली पाहिजे. "आठ वर्षांची झाली. अजून दोन-तीन वर्षं गेली की आईच म्हनंल, आता काहून पाठवू? मंग ती कडी कायमची लागली, सर." त्या प्रत्येक भेटीला हे म्हणायच्या. मी म्हणायचो, "बघू." माझ्या वर्गात चाळीसच्या वर पोरं. त्यात न दिसणारी मुलगी कुठं बसवू, तिला काय शिकवू, पडली तर कोण बघणार? मला हे येत नव्हतं, आणि येत नाही असं कबूल करायचीही चीड येत होती.

दसऱ्यानंतर बाई आल्या आणि म्हणाल्या, "टॅब काढा. ईश्वरीसाठी बोलका करून देते, आन् तुमालाबी शिकवते." टेकाळे सरांनी कपाट उघडलं. टॅब चालू झाला, पण आवाजच नाही. बाईंनी आवाज वाढवला, बंद करून चालू केला, कानाला लावला. मुका. मग त्यांनी टॅब उलटा केला आणि उजेडात धरला. खालच्या बारीक जाळीत लाल-पिवळं काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं.

"हे काय हाय?"

"खंडेनवमीची पूजा केली," टेकाळे सर अभिमानानं म्हणाले. "सगळ्या उपकरणांची करतो आपण. घंटा, टीव्ही, टॅब. गंध कालवून लावलं व्यवस्थित."

बाईंचा चेहरा मी बघत होतो. एवढ्याशा देहात एवढा राग कसा मावतो हे मला आजही कळलेलं नाही. "पूजा करा की! मी कुठं न्हाई म्हनते? आमच्या घरीबी अवजाराला मान हाय. पन ज्याला तोंड हाय त्याच्या तोंडातच कुंकू कोंबायचं? त्या लेकराला दुसरं काय हाय, सर? तिला हा आवाजच तर हाय!"

टेकाळे सर म्हणाले, "भावनेचा प्रश्न आहे, मॅडम."

"व्हय न. तुमच्या भावनेचा. मंग लेकराला काय आलं?"

त्यांनी डिकीतून सुई आणि दात घासायचा जुना ब्रश आणला, आणि ओसरीत मांडी घालून टॅबच्या जाळीतलं गंध खरवडत बसल्या. खरवडता खरवडता सरांना, मला, खात्याला, टॅब बनवणाऱ्याला, सगळ्यांना बोलत होत्या. पहिल्यांदाच मला वाटलं की या बाईचं बरोबर आहे. आणि ते वाटल्याचाही राग आला. शेवटी टॅबमधून घोगरा, सर्दी झाल्यासारखा आवाज निघाला. बाईंनी तो पिशवीत घातला आणि मला म्हणाल्या, "चला."

ईश्वरीच्या घरापर्यंत त्या माझ्यावर ओरडत चालल्या होत्या. मी चार पावलं पुढं होतो, तरी ऐकू येत होतं. गावातली म्हातारी माणसं पारावरून बघत होती. "पटावर नाव हाय न तुमच्या? मंग जाऊन तिच्याशी कधी बोललात? आवाज तरी ठावं हाय का तिला तुमचा?" मीही उलटून म्हणालो, "मॅडम, मला काही इज्जत आहे का नाही गावात?" त्या म्हणाल्या, "तिच्या दारात जाईपर्यंत न्हाई."

मीना त्या दिवशी घरीच होती. आम्ही अंगणात पोचलो, तेव्हा आतून कोणीतरी गोष्ट सांगत होतं. भजनं वाजवायचे ते छोटे डबे असतात ना, मेमरी कार्ड घालायचे, त्यातून आवाज येत होता. एका बाईचा. इतका मऊ, इतका सावकाश, की मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. हळदीच्या ढिगात झोपून पिवळं झालेल्या मांजराच्या पिल्लाची गोष्ट होती. पिल्लू घरी येतं तर कोणी त्याला ओळखत नाही, कुत्रं म्हणतं तू आमचं नाहीस, कोंबडी म्हणते तू आमचं नाहीस, आणि आईसुद्धा लांबूनच बघते. गोष्ट सांगणारी बाई प्रत्येकाचा आवाज वेगळा काढत होती आणि मध्येच थांबून, ऐकणाऱ्याला पुढचं सुचायला वेळ देत होती.

एवढ्यात माझ्या मागून पठाण बाई कडाडल्या, "मीनाबाई! लेकरू पुन्हा आतच हाय का? उन्हात काहून बसवत न्हाई?"

आत डबा बंद झाला. मी दारातून बघितलं. पोरीनं गोधडी डोक्यावरून ओढून घेतली होती आणि दोन्ही हातांनी कान गच्च दाबले होते. "आई, रागावनारी बाई आली," ती गोधडीतून म्हणाली. "तिला जाऊ दे ना."

मीना ओशाळली. "असंच करती जी. बाई महिन्यातून एकदा येतात, तर तेवढा येळ गोधडीतच ऱ्हाती." मग तिनं मला सांगितलं की हे कार्ड बाईंनीच तिला गोरेगावच्या जीपस्टँडवर दिलं होतं. त्यात गोष्टी आहेत, कविता आहेत, पाढे आहेत. कोण्या मोठ्या शहरातल्या बाईचा आवाज असेल. पोरगी दिवसभर तेच ऐकते, त्या बाईशी बोलते, जेवताना तिला जेव म्हणते.

मी गोधडीशेजारी बसलो. म्हणालो, "ईश्वरी, मी गडदे सर. शाळेत येतेस का माझ्या वर्गात?"

गोधडी हलली. आतून आलं, "शाळंत गोष्टीवाली बाई हाय का?"

"कोण गोष्टीवाली?"

"ह्या डब्ब्यातली. ती असंल तर येते."

मी डबा सुरू केला. पिवळं पिल्लू रडत होतं, आणि ती बाई म्हणत होती, "मंग पिल्लू काय करतं, सांगा बरं?" तो 'मंग' मी हजार वेळा ऐकला होता. मी वळून पठाण बाईंकडे बघितलं. त्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की मी तोंड उघडलं नाही. त्यानंतर त्या घरात त्यांनी एक अक्षर उच्चारलं नाही. मीनाला टॅब दिला, खुणेनंच मला उठवलं, आणि पायरीवरची चप्पल न वाजवता निघाल्या.

बाहेर आल्यावर मीच भडकलो. "अहो, सांगा की तिला तुम्हीच आहात म्हणून! आत्ता उठून येईल ती."

"आन् मंग?" बाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच खाली होता. "ती माझ्या मागं येईल. मी महिन्यातून एकदा येनार. बाकीचे दिवस ती कोनाची वाट बघंल? शाळंत रोज कोन हाय, सर? तुमी हाय."

"पण तुमचा आवाज असा… मला माहीतच नव्हतं."

"त्यात काय माहीत व्हायचं? खोलीवर गप्पच तर असते मी. गोधडीत तोंड घालून बोलते, म्हंजे बाहेरची गडबड कार्डात येत न्हाई. तेवढंच बोलनं होतं." आणि लगेच पूर्वीच्या पट्टीत, "उद्यापासून तुमी बोलायचं. तुमचा आवाज भरायचा कार्डात. काहून बघून राहिले? जमत न्हाई का?"

पुढचे काही दिवस माझ्या आयुष्यातले अत्यंत संतापाचे. शाळा सुटली की वर्गाची दारं लावून मी फोनपुढं बोलायचो आणि इतर शाळा उरकून आलेल्या बाई समोर बसून मला झोडपायच्या. "लिलाव पुकारून राहिले का हळदीचा? लेकराशी बोला, मार्केट यार्डाशी न्हाई." मी हळू बोललो तर, "आता काहून आजारी पडले?" मी गोष्ट वाचली तर, "वाचू नका, सांगा." एकदा मी फोन बाकावर आपटला आणि म्हणालो, तुम्हीच करा, मला नाही येत. बाई म्हणाल्या, "न्हाई येत म्हनले, हे बरं झालं. आता शिकता येईल." त्याही वाक्याचा मला राग आला, पण मी फोन उचलला.

मग त्यांनी मला अख्खी शाळाच कार्डात भरायला लावली. म्हणजे फाटकाचा करकर आवाज. तिथून पुढं गेलं की डाव्या हाताला हापसा, तो कोणीतरी मारतंय. पुढं खिचडीवाल्या मावशीचं पातेलं आणि त्यांचा खोकला. मग आमची पायरी. मग माझा वर्ग, आणि वर्गातलं प्रत्येक पोरगं आपापल्या जागेवरून आपलं नाव सांगतंय. मध्ये मध्ये माझा आवाज, "आता तू फाटकात आहेस, ईश्वरी. भिंतीला हात लावून चाल." पोरांना त्यात एवढी मजा आली की दोघा-तिघांनी नावाबरोबर गाईचं हंबरणंही घातलं. बाईंनी ते काढू दिलं नाही. म्हणाल्या, "राहू द्या. वर्गात गाई हायत हे तिला आधीच कळू द्या."

हे कार्ड बाईंनी स्वतः नेऊन डब्यात घातलं. दिवाळीच्या सुट्टीभर ते वाजत होतं. सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी मीना पोरीला घेऊन फाटकात उभी राहिली. मी पुढं गेलो, तर ईश्वरीनं आईचा हात सोडला. फाटक ढकललं, ते करकरलं, आणि ती स्वतःशीच म्हणाली, "आता हापसा." भिंतीला हात लावत ती आली. मावशी मुद्दाम खोकल्या. वर्गात आल्यावर पोरं नावं सांगू लागली आणि ती प्रत्येकाला म्हणत होती, "ठावं हाय. ठावं हाय मला." माझ्या टेबलाजवळ तिनं विचारलं, "तुमीच गडदे सर न? डब्ब्यात लई खडाखडा बोलता." मी उगाच पोरांवर ओरडलो.

टॅब आता वर्गातच असतो. घोगरा आहे, पण तिला पाठ वाचून दाखवतो, आणि फळ्यावर लिहिताना मी मोठ्यानं बोलत लिहितो. शेजारची पोरं तिच्यामुळे जरा बरी शिकतात, हे टेकाळे सरही मान्य करतात. त्यांनी एकदा फोटो काढून ग्रुपवर टाकला. पठाण बाईंचं उत्तर आलं नाही. सर दिवसभर फोन बघत होते.

मग एक दिवस मीना म्हणाली, "सर, तुमचं कार्ड चांगलं हाय, पन जुनं बाईंनी नेलं. पोरगी त्या गोष्टीवालीच्या गोष्टी मागती." मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पुसलं ते."

"पुसलं? सगळं?"

"ठेवलं असतं तर घरी बसून तेच ऐकलं असतं न तिनं. शाळंत काहून आली असती?"

"अहो, पण तुमच्याकडं तरी ठेवायचं होतं!"

"मला काहून? मी माझ्याच गोष्टी ऐकत बसू का?" फोन बंद. मी एवढा चिडलो की पुन्हा लावला, तर त्यांनी उचलला नाही. कोणालाही न विचारता, न सांगता, या बाईनं स्वतःला जेव म्हणणारं एकुलतं एक लेकरू माझ्या पदरात टाकलं होतं. वर पुन्हा माझ्यावरच ओरडायला मोकळी.

संक्रांतीनंतर बाई शाळेत आल्या. आल्या आल्या टीव्हीच्या वायरीवरून माझी खरडपट्टी सुरू झाली. ईश्वरी आता गोधडीत शिरत नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "सर, रागावनाऱ्या बाई आल्या." पोरं खो खो हसली. मग ती उठली, बाकांना हात लावत आवाजाच्या रोखानं पुढं आली आणि म्हणाली, "बाई, तुमी आईला कार्ड दिलतं न? ती गोष्टीवाली बाई कुठं गेली?"

मी मनात म्हणालो, आता तरी सांगा.

पठाण बाई नेहमीच्याच कडक आवाजात म्हणाल्या, "तिची बदली झाली."

आमच्या खात्यात बदलीपुढं कोणाचं काही चालत नाही, हे तिसरीतल्या पोरांनाही माहीत असतं. ईश्वरीनं मान हलवली. "लांब झाली का?"

"व्हय. लांब."

"पन पिवळ्या पिल्लाची गोष्ट अर्धीच राहिली. मी झोपायची मधीच."

"सरांना ठावं हाय ती. सर सांगतील." एवढं बोलून बाई पिशवी उचलून बाहेर पडल्या.

मला कुठली ठावं? मी त्यांच्या मागे धावलो. कडुनिंबाखाली त्या स्कूटीवर बसतच होत्या. मी जवळजवळ ओरडलो, "काय चाललंय तुमचं? गोष्टीचा शेवट काय ते तरी सांगा मला!"

बाईंनी किल्ली हातातच धरली. माझ्याकडे न बघता, हँडलकडे बघत त्या बोलू लागल्या, आणि तो आवाज आला. डब्यातला. मऊ, सावकाश. "पिल्लू खूप रडतं. म्हनतं, आई, मी तुझंच हाय. आई म्हनते, रंगावरून तर वाटत न्हाईस. थांब. मी डोळे मिटते, तू बोल. आई डोळे मिटते. पिल्लू बोलतं. आन् आई लगेच त्याला चाटू लागते." तेवढं सांगून त्या थांबल्या. "झालं. एवढंच हाय. जा आता, लेकरं वाट बघून राहिले."

मी वर्गात आलो आणि गोष्ट पुरी केली. मला बाईंसारखी येत नाही. कोंबडी आणि कुत्रं माझ्या तोंडी सारखंच बोलतं. तरी आईनं डोळे मिटले तिथं आख्ख्या वर्गानं डोळे मिटले. पिल्लाला चाटून झालं, सगळे खूष झाले. ईश्वरी मात्र मान वाकडी करून खिडकीकडं कान लावून बसली होती.

"सर, त्या बाई गेल्या न्हाईत. गाडी चालू झालेली ऐकू आली न्हाई."

मी फळा पुसू लागलो.

"उन्हात काहून उभ्या असतील? आत बोलवा की त्यांना. बसू द्या माझ्याजवळ."

तिला काय कळलं होतं आणि काय नाही, ते मला माहीत नाही. मी खिडकीशी गेलो. बाई स्कूटीवर तशाच बसून होत्या, तोंड वर्गाकडे. मी म्हणालो, "आत या. ईश्वरी बोलावतेय."

क्षणभर वाटलं की त्या उतरतील. मग किल्ली फिरली. "वर्ग सोडून खिडकीत काय करून राहिले?" त्या गरजल्या. "लेकराजवळ जा!" आणि धुरळा उडवत फाटकातून निघून गेल्या.

"काय म्हनल्या?" ईश्वरीनं विचारलं.

"रागावल्या."

"कोनावर?"

"माझ्यावर," मी म्हणालो, आणि मला त्या बाईंचा असा राग आला की पुढचा सगळा तास मला धड शिकवता आलं नाही.